रोटाव्हेटरच्या साइड चेनबॉक्सचं ऑइल घरच्या घरी बदलताना

ट्रॅक्टरमागं लावून माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटरला ऑइलच्या दोन जागा असतात. एक मधला गिअरबॉक्स, जिथं पीटीओचा, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद मशीनला देणारा शाफ्ट येऊन लागतो. दुसरी बाजूची उभी पेटी, म्हणजे साइड चेनबॉक्स, जिच्यातली चेन किंवा गिअर वरची ताकद खाली पात्यांच्या शाफ्टपर्यंत पोचवतात. मधल्या गिअरबॉक्सकडं सगळ्यांचं लक्ष असतं, कारण तो डोळ्यांसमोर असतो आणि जरा वाजला की लगेच कळतं. बाजूची पेटी मात्र मातीत चालते, पालापाचोळ्यानं झाकलेली असते आणि तिच्यातलं ऑइल संपत आलं तरी वरून काही दिसत नाही. बहुतेक मशिनींत या दोन जागांचं ऑइल एकमेकांत जातही नाही. मधल्यात भरलं म्हणजे बाजूलाही पोचलं, असं धरून चालणारे शेतकरी मला अजून भेटतात. चेन तुटून पेटीचं कव्हर फुटल्यावर मग दुसरा प्लग (ऑइलच्या भोकाचं आट्याचं बूच) शोधला जातो.

हे काम अवघड नाही. अर्धा दिवस, नट-बोल्टचे चार पाने आणि थोडा धीर एवढंच लागतं. पण ते ‘जुनं ओतलं, नवं भरलं’ एवढ्यावर उरकू नये. बाहेर आलेलं जुनं ऑइल नीट बघितलं तर पेटीच्या आत काय चाललंय हे पेटी न उघडता कळतं, आणि माझ्या मते या कामाचा निम्मा फायदा त्यातच आहे.

आपली जमीन आणि ही पेटी

सांगली जिल्ह्यात एकाच मापाचा रोटर (रोटाव्हेटर) तीन तऱ्हेच्या जमिनीत चालतो. वाळवा, पलूस, मिरज या कृष्णाकाठच्या पट्ट्यात काळी चिकट माती. तिथं पेटीच्या खालच्या अंगाला चिखलाचा थर बसतो, तो वाळून घट्ट होतो आणि ओलावा सीलपाशी (शाफ्टभोवतीच्या, ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्यापाशी) धरून ठेवतो. जत, आटपाडीकडं मुरूम आणि दगडगोटे. तिथं पातं दगडावर आदळलं की झटका सरळ चेनला जातो. तासगाव, कवठेमहांकाळच्या द्राक्षबागांत मिनी ट्रॅक्टरचा अरुंद रोटर दोन ओळींमधून फिरतो, आणि त्याचा खरा शत्रू माती नसून सुतळी, तुटकी तार आणि ठिबकची नळी हा आहे. हे सगळं शाफ्टभोवती गुंडाळत सरकत पेटीच्या सीलपर्यंत जातं. सील कापलं की ऑइल बाहेर आणि पाणी आत.

उसाच्या खोडव्यात पाचट कुट्टी करताना हाच प्रकार होतो. त्यामुळं ऑइल किती तासांनी बदलायचं हे मशीनच्या पुस्तकात बघावंच, पण आपल्या रानाचाही विचार करावा. नवीन रोटरचं पहिलं ऑइल लवकर काढतात, साधारण पहिल्या ४०-५० तासांत, कारण नव्या गिअर-चेनची घासण त्यात उतरलेली असते. पुढं पुस्तक सांगेल तसं. ज्यांचा रोटर भाड्यानं गावभर फिरतो किंवा भाताच्या चिखलणीला पाण्यात उतरतो, त्यांनी तासांची वाट न बघता हंगाम संपला की ऑइल काढून बघावं. मी मे महिन्यात, पेरणीआधीची रोटरणी उरकली की करतो. पावसाळाभर मशीन उभं राहणार असेल तर आत जुनं, पाणी मिसळलेलं ऑइल ठेवून उभं करू नये. चेनच्या पिना त्याच काळात गंजतात.

कोणतं ऑइल

पुस्तकात लिहिलंय तेच. बहुतेक रोटरना ईपी ९० किंवा ईपी १४० गिअर ऑइल लागतं. पुस्तक हरवलं असेल तर मशीनवरची पट्टी बघा, किंवा ज्या डीलरकडून घेतलं त्याला मॉडेल सांगून विचारा. अंदाजानं घेऊ नका.

घरात ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल उरलंय म्हणून तेच पेटीत ओतायची सवय फार आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. ९० हा आकडा बघून वाटतं की ते ४० च्या इंजिन ऑइलच्या दुपटीनं घट्ट असणार. तसं नाही. गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांचे आकडे वेगवेगळ्या पट्टीवरचे आहेत. १०० अंश सेल्सिअसला मोजलं तर ९० चं गिअर ऑइल घट्टपणात ४० किंवा ५० च्या इंजिन ऑइलच्या आसपासच भरतं. खरा फरक ‘ईपी’ (एक्स्ट्रीम प्रेशर, म्हणजे फार दाब सोसणारं) या दोन अक्षरांत आहे. त्यात गंधक आणि फॉस्फरसची रसायनं असतात. दात दातावर दाबला जाऊन ऑइलचा थर फाटतो, त्या क्षणी ही रसायनं धातूवर पातळ लेप तयार करतात आणि लोखंड लोखंडाला चिकटू देत नाहीत. गिअर ऑइलचा तो उग्र वास त्या गंधकाचाच. इंजिन ऑइल पेटीत चालतंय असं काही दिवस वाटेल, पण दगडाला पातं अडून झटका बसतो तेव्हा ते मार खातं.

ग्रीस भरणारेही आहेत. सीलमधून ऑइल गळतंय, तर ग्रीस भरून टाका, असा सल्ला मिळतो. चेनच्या पेटीत हे करू नये. खालचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) ऑइलमध्ये बुडलेला असतो आणि चेन ते ऑइल उचलून वर नेते, अशी या पेटीची रचना आहे. ग्रीस एकदा बाजूला फेकलं गेलं की भिंतीला चिकटून बसतं, परत खाली येत नाही, आणि वरचं बेअरिंग कोरडं पडतं. गळती असेल तर सील बदलणं हाच उपाय.

सामान

पेटीच्या मापाप्रमाणं ऑइल, वर अर्धा लिटर जास्तीचं. प्लगच्या मापाचा रिंग पाना. तोंडाचा पाना प्लगची डोकी गोल करतो, तो टाळा. काही प्लगना अॅलन की लागते. ड्रेन (ऑइल सोडायच्या) आणि लेव्हल (पातळी बघायच्या) प्लगचे नवे तांब्याचे किंवा फायबरचे वॉशर. जुनं घमेलं किंवा आडवा कापलेला पाच लिटरचा कॅन. नरसाळं आणि त्याला बसणारी हातभर नळी. तारेचा ब्रश, सुती चिंध्या, थोडं डिझेल. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक मिळालं तर फारच छान. आणि एक पांढरी चिनीमातीची बशी किंवा पांढरा कागद. त्यावर ऑइल बघायचंय.

आधी सुरक्षितता

रोटर हायड्रॉलिकवर उचलून त्याच्याखाली हात घालायचा नाही. हायड्रॉलिक दाबावर उभं असतं, लिव्हरला कुणाचा धक्का लागला किंवा आतलं सील सुटलं की रोटर खाली येतो, आणि खाली पाती आहेत. उचलायचाच असेल तर दोन्ही बाजूंना भक्कम लाकडी ठोकळे देऊन त्यावर वजन उतरवा. विटा नकोत, वीट फुटते. पाना लावण्याआधी इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि पीटीओचा शाफ्ट ट्रॅक्टरकडून सोडवलेला. पोरं आसपास खेळत असतील तर त्यांना घरात पाठवा.

थंड पेटीतले पहिले थेंब

सगळे सांगतात की ऑइल गरम करून काढा, आणि ते बरोबर आहे. पण त्याआधी एक गोष्ट करा, जी फार थोडे करतात. मशीन रात्रभर उभं असताना, सकाळी, अजिबात चालू न करता ड्रेन प्लग दोन आटे सैल करा आणि पहिले थेंब बशीत घ्या. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यानं रात्रीत तळाला बसतं. सीलमधून पाणी आत जात असेल तर आधी पाणीच येईल, स्वच्छ किंवा गढूळ, आणि मागून ऑइल. मशीन चालवून मग काढलं तर तेच पाणी ऑइलमध्ये घुसळलं जातं आणि किती होतं ते कळत नाही. थेंब घेतले की प्लग परत आवळा.

आता पेटी बाहेरून स्वच्छ करा. चिखल खरवडून काढा, प्लगच्या भोवती ब्रश मारा, चिंधीनं पुसा. प्रेशरचं पाणी सीलवर मारू नका. सील आतलं ऑइल अडवण्यासाठी केलेलं असतं, बाहेरून जोरात आलेल्या पाण्यापुढं ते टिकत नाही. पेटी धुताना पाणी आत गेलं असं बऱ्याचदा असतं.

मग शाफ्ट जोडा, रोटर जमिनीपासून वीतभर उचला, माणसं लांब करा आणि इंजिन कमी आरपीएमवर ठेवून पाच-दहा मिनिटं फिरवा. ऑइल पातळ होतं, तळातली घाण वर येते. परत रोटर खाली, इंजिन बंद, शाफ्ट सुटा.

काढणं

आधी वरचा, भरायचा प्लग उघडा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही खालून ऑइल सोडून बसला असाल तर मशीन तिथंच अडकेल. वरचा निघाला की खालचा काढा. शेवटचे आटे हातानं सोडताना प्लग आत दाबून धरा आणि एकदम बाजूला घ्या, म्हणजे हातावर ऑइल येत नाही आणि प्लग घमेल्यात पडत नाही. ड्रेनच्या बाजूला रोटर थोडा कलता ठेवला तर तळाचंही येतं. घाई नको. धार बंद झाली तरी थेंब चालू असतात, चहा पिऊन या.

काही लहान आणि जुन्या रोटरना ड्रेन प्लगच नसतो. तिथं भरायच्या भोकातून नळी तळापर्यंत घालून हातपंपानं ओढून घ्यावं लागतं, किंवा खालचं कव्हर उघडावं लागतं. कव्हर उघडत असाल तर पॅकिंग नवं हवंच, जुनं परत बसवलं तर आठवड्यात गळतं.

जुनं ऑइल काय सांगतं

बशीत चमचाभर ऑइल घ्या आणि उन्हात बघा.

गडद तपकिरी, पारदर्शकपणा थोडा शिल्लक, वास नेहमीचा, तर सगळं ठीक. काळं कुळकुळीत आणि करपल्याचा वास येत असेल तर पेटी तापली आहे, बहुधा ऑइल कमी असताना चालली आहे. किती निघालं ते मोजा. दीड लिटरच्या पेटीतून पाऊण लिटर निघालं तर उरलेलं कुठं गेलं हे शोधल्याशिवाय नवं भरू नका.

दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर पाणी मिसळलंय. सील गेलंय, नाहीतर वरचा ब्रीदर प्लग (आतली हवा ये-जा करायचं भोक असलेला) तुटलाय किंवा नीट बसलेला नाही. अशा ऑइलमध्ये बेअरिंग टिकत नाही.

आता चुंबक. ड्रेन प्लगला स्वतःचं चुंबक असेल तर उत्तम, नसेल तर स्पीकरचं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ऑइलमधून फिरवा. पिशवीवर राखाडी, मऊ लेप आला आणि बोटांत चोळल्यावर काही टोचलं नाही तर ती रोजची झीज आहे. चकाकणारे पापुद्रे आले तर बेअरिंगची किंवा दाताची वरची कातडी सुटायला लागली आहे. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, रोलरची अर्धी कडी, पिनेचं टोक असं काही सापडलं तर थांबा आणि पेटी उघडा. त्यावर नवं ऑइल ओतून रान करायला जाणं म्हणजे पुढच्या दिवसात गिअरसकट पेटी घालवणं. तांबूस, गंजासारखा गाळ आला तर चेनच्या कड्यांत पाणी मुरलंय.

आमच्याकडं एक वाक्य नेहमी ऐकू येतं: “अण्णा, वरनं लिटरभर घाला की, बदलत काय बसताय?” वरून घातलेलं ऑइल जुन्या गाळात मिसळतं. पाणी तळालाच राहतं, पापुद्रे तळालाच राहतात आणि चेन ते उचलून वरच्या बेअरिंगपर्यंत नेत राहते. कमी झालेलं ऑइल भरणं हे शेतात अडल्यावरचं काम आहे. बदलण्याची जागा ते घेऊ शकत नाही.

चेन बघणं

पेटीला बघायचं भोक असेल किंवा कव्हर उघडलंच असेल तर चेनही बघा. ज्यांच्या रोटरला साइड गिअर आहे त्यांनी हा भाग सोडून पुढं जावं, बाकी सगळं त्यांनाही लागू आहे.

चेन लांबते म्हणजे लोखंड ताणलं जात नाही. पिन आणि बुश घासून प्रत्येक जोडाला थोडी जागा होते आणि सगळी मिळून लांबी वाढते. म्हणून मोजता येते. चेन ताणून धरा आणि एका पिनेच्या मध्यापासून बारा कड्या सोडून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत टेपनं मोजा. १ इंच पिचची (दोन पिनांच्या मध्यांमधल्या अंतराची) चेन नवी असताना हे अंतर ३०५ मिलिमीटर भरतं. ३११ च्या पुढं गेली म्हणजे २ टक्के वाढली, आता पुढच्या हंगामाची चेन आणून ठेवा. ३१४ म्हणजे ३ टक्के, ती चेन आजच काढा. दुसऱ्या पिचच्या चेनला हेच टक्के लावून हिशोब करा. लांबलेली चेन स्प्रॉकेटच्या दाताच्या टोकावर चढते आणि दात एका बाजूला वाकल्यासारखे, आकड्यासारखे होतात. असे दात दिसले तर नुसती चेन बदलू नका. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन लवकर खराब होते, त्यामुळं दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन एकत्रच घाला.

टेन्शनरची (चेन ताणून धरणारी) पट्टी किंवा स्प्रिंग तुटलेली नाही ना ते बघा. टेन्शन बोल्टनं वाढवायची सोय असेल तर पुस्तकात दिलेली ढिलाई ठेवा. खेचून ताठ केलेली चेन बेअरिंगला खाते. शाफ्ट हातानं पूर्ण एक फेरा फिरवा, कारण चेन सगळीकडं सारखी झिजत नाही. सगळ्यात ताठ जागी ढिलाई तपासायची.

सील आणि गुंडाळलेली सुतळी

पेटी रिकामी आहे तोवर पात्यांच्या शाफ्टची दोन्ही टोकं स्वच्छ करा. पेटी आणि पहिल्या फ्लँजच्या (पाती बसवायच्या चकतीच्या) मधल्या फटीत टॉर्च मारून बघा. द्राक्षबागेत चाललेल्या रोटरला तिथं हमखास काहीतरी सापडतं: सुतळीचा घट्ट झालेला गोळा, ठिबकच्या नळीची वितळलेली पट्टी, बांधायच्या तारेचा तुकडा. ब्लेडनं कापून, चिमट्यानं ओढून सगळं काढा. ओढताना सीलच्या ओठाला चिमटा लागू देऊ नका.

सील बदलायचं असेल तर जुन्या सीलवर तीन आकडे कोरलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तेवढे लिहून मिरज किंवा सांगलीत बेअरिंगच्या कोणत्याही चांगल्या दुकानात गेलं तर सील मिळतं. नवं सील घालण्याआधी शाफ्टवर नखानं घासून बघा. सील बसतं त्या जागी चर पडलेला असेल तर नवं सीलही गळेल. तिथं शाफ्टवर स्लीव्ह बसवून घ्यावा लागतो, आणि ते काम लेथवाल्याचं आहे.

धुणं आणि भरणं

ऑइल नुसतं काळं असेल तर धुवायची गरज नाही. दुधाळ किंवा गाळाचं असेल तरच धुवा. डिझेलनं धुतलं तर पीटीओ जोडून फिरवायचं नाही; शाफ्ट हातानं चार-पाच वेळा फिरवा, सगळं डिझेल निथळू द्या आणि दोन्ही प्लग उघडे ठेवून पेटी सुकू द्या. आत राहिलेलं डिझेल नव्या ऑइलला पातळ करतं. मला त्यापेक्षा अर्धा लिटर त्याच ग्रेडचं ऑइल घालून, हातानं फिरवून काढून टाकणं जास्त पसंत आहे. थोडा खर्च होतो, पण काळजी राहत नाही.

ड्रेन प्लगचे आटे पुसा, नवा वॉशर घाला, प्लग हातानं शेवटपर्यंत फिरवा. हातानं जात नसेल तर आटे वाकडे लागलेत, परत काढा. मग पान्यानं वॉशर दबल्याचं जाणवेपर्यंत आणि वर पाव फेरा. पाइप लावून आवळू नका, पेटीतले आटे गेले तर काम महागात जातं.

रोटर काम करताना जसा उभा असतो तसा सपाट जागेवर ठेवा. फरशीवर पात्यांवर टेकून तो पुढं कलतो, तेव्हा लाकूड देऊन पेटी सरळ उभी करा. कलत्या पेटीतली लेव्हल खोटी असते. लेव्हल प्लग उघडा, वरून ऑइल सोडा. हे ऑइल हळू जातं, नरसाळं भरून वाहू लागलं की थांबा. कॅन तासभर उन्हात ठेवलेला असेल तर सोपं पडतं. लेव्हल प्लगच्या भोकातून ऑइल झिरपू लागलं की दहा-पंधरा मिनिटं वाट बघा, चेनमधून खाली उतरू द्या, आणि कमी झालं तेवढं परत भरा. लेव्हल प्लगऐवजी ऑइल मोजायची काडी असेल तर पुस्तकात बघा की ती आटे लावून मोजायची की नुसती टेकवून. दोन्हीत बोटभर फरक पडतो.

जास्त भरणं हे चांगलं नाही. चेन ऑइल घुसळते, फेस येतो, पेटी तापते, आतला दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून वाट काढतं. ब्रीदरचं बारीक भोक मातीनं बुजलं तरी हेच होतं. नवं सील घालूनही गळतं अशी तक्रार येते तेव्हा मी आधी ब्रीदर बघतो. तो डिझेलमध्ये बुडवून, बारीक तारेनं भोक मोकळं करून, फुंकर मारून बसवा.

हात काळे झालेच आहेत तर मधल्या गिअरबॉक्सची लेव्हल, पात्यांच्या शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचं बेअरिंग आणि पीटीओ शाफ्टच्या क्रॉसचं ग्रीसही बघून घ्या.

चालवून बघणं आणि जुन्या ऑइलचं काय

शाफ्ट जोडून रोटर हवेत दहा मिनिटं फिरवा. आवाज एकसारखा हवा; ठराविक वेळानं टक-टक आलं तर चेन दातावर चढतेय. बंद करून, शाफ्ट थांबल्यावर, पेटीवर हात ठेवा. कोमट असावी. दोन्ही प्लग आणि सीलची जागा कोरड्या चिंधीनं पुसा, खाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावर डाग कुठं पडलाय त्यावरून गळती कुठली ते कळतं. शेतात पहिले दोन-तीन तास झाले की परत एकदा लेव्हल आणि पेटीचा ताप बघा. हात ठेवून राहता येत नसेल तर काम थांबवा.

काढलेलं ऑइल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. वापरलेलं ऑइल कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं, २०१६ च्या नियमांत ते अधिकृत रिसायकलरकडं जायला हवं असं आहे. घरी आपण एवढंच करू शकतो की ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवायचं, त्यात पाणी-डिझेल मिसळायचं नाही आणि ट्रॅक्टरच्या गॅरेजला द्यायचं, तिथून गोळा करणारे नेतात. धुतलेलं डिझेल वेगळ्या कॅनमध्ये. वाळवीसाठी मांडवाच्या खांबांना हे ऑइल फासायची जुनी पद्धत द्राक्षबागेत तरी सोडावी. पावसात ते मुळाशी उतरतं.

शेवटी ऑइल पेंटनं पेटीच्या वरच्या अंगाला तारीख, ट्रॅक्टरच्या मीटरवरचे तास आणि ऑइलचा ग्रेड लिहून ठेवा. रोटर उद्या भावाकडं गेला, ड्रायव्हर बदलला किंवा मशीन विकलं, तरी पुढच्याला काय भरायचं ते विचारावं लागणार नाही.